जादा वेळ: मैदानावरचा आणि चाकावरचा



फलकावर विषय वाचून काहीजणांनी आत येताना विचारलं, "आज कबड्डीवर आहे की एस.टी.वर?" दोन्हीवर आहे. आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गावोगावच्या कबड्डी स्पर्धांना शिट्टी घेऊन उभी राहणारी आम्ही मंडळी. आमच्यात शिक्षक आहेत, एमआयडीसीत पाळीवर जाणारे आहेत, दोघंतिघं गाडी चालवणारे आहेत. बोलतोय एकजण, पण टिपणं सगळ्यांनी मिळून काढली आहेत.

विषय सुचला तो पोलादपूरच्या स्टँडवर. डिसेंबरातली सकाळ, पावणेसहा वाजलेले. रात्रीची एक अंतिम लढत आटोपून आम्ही गाडीची वाट बघत चहा घेत होतो. शेजारी तिघं चालक. एक महाबळेश्वरच्या गाडीवरचा, एक ट्रकवाला, आणि एक पर्यटकांची जीप चालवणारा पोरगा. तिघांचं भांडण चाललेलं आमच्याच सामन्यावर. सामना बरोबरीत सुटला होता, पाच-पाच चढायांतही बरोबरी, मग सुवर्ण चढाई. पोरगा म्हणत होता, "टॉस जिंकला तिथंच मॅच गेली." ट्रकवाले नाना म्हणत होते, "टॉस काय, पकड करायची ना मग!" आम्ही मधे पडून नियम सांगू लागलो. तर महाबळेश्वरवाले दादा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या खेळाचं एक बरं आहे. जादा वेळ कधी संपणार, ते आधी ठाऊक असतं."

एवढं बोलून ते गाडीकडे गेले. आम्ही मात्र त्या वाक्यात अडकून पडलो.

आता आधी त्या पोराच्या शंकेचं बघू, कारण ती इथंही पुष्कळांना असेल. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. साखळीत बरोबरी झाली तर बहुतेक ठिकाणी गुण वाटून देतात. (प्रो कबड्डीत २०२५ च्या हंगामापासून साखळीतही निकाल लावायला लागले, तो भाग वेगळा.) पण बाद फेरीत कुणीतरी जिंकलंच पाहिजे. काही स्पर्धांत आधी छोटे जादा डाव देतात. ते झाले, किंवा नसलेच, की येतात पाच-पाच चढाया.

या पाच-पाच चढायांचे नियम नीट ऐका, कारण पुढचं सगळं बोलणं त्यांच्यावर उभं आहे. दोन्ही संघ पुन्हा सात-सात खेळाडूंनिशी उभे राहतात. कुणी बाद होत नाही, कुणी परत येत नाही, फक्त गुण मोजायचे. निदानरेषा हीच बोनस रेषा धरतात, म्हणजे ती ओलांडली की एक गुण. गडी टिपले तर त्यांचे गुण वेगळे. रेषा ओलांडून मग पकडला गेला तर दोन्हीकडे एकेक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच चढाया पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी करायच्या. त्यांची यादी क्रमानं आधी पंचांकडे द्यायची. तुमचा एक चढाईपटू कितीही वाघ असो, त्याला एकदाच सोडता येतं. बाकीच्या चार चढाया इतरांनीच करायच्या. एरवी ज्यानं सामनाभर पाय धरण्यापलीकडे काही केलं नाही, त्या कोपऱ्यातल्या गड्यालाही कधीकधी चढाईला जावं लागतं. प्रेक्षक हसतात, पण तो जातो.

त्यातही बरोबरी झाली तर पुन्हा नाणेफेक, आणि नाणेफेक जिंकणाऱ्याला सुवर्ण चढाई. त्यानं गुण घेतला, सामना संपला. नाही घेतला तर दुसऱ्या संघाला संधी. तरीही बरोबरी राहिलीच तर शेवटी नाणं. म्हणजे त्या पोराचं थोडं खरं आहे, टॉसला किंमत आहेच. पण नानांचंही खरं आहे. सात जण समोर उभे असताना एकट्यानं रेषा ओलांडून सुखरूप परत यायचं, हे बाकावर बसून वाटतं तितकं सोपं नाही.

नियम आधी पक्का नसला तर काय होतं, याचं उदाहरण लांबचं नाही. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझौ, आशियाई खेळ, पुरुषांची अंतिम लढत, भारत आणि इराण. शेवटची दीडेक मिनिटं उरलेली, गुण २८-२८. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटू. आता गुण कुणाला? जुन्या नियमानं एक उत्तर, नव्या नियमानं दुसरं. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना तासभर खोळंबला. शेवटी भारतानं ३३-२९ नं जिंकला, पण त्या तासाभरात आम्हा शिट्टीवाल्यांच्या पोटात काय झालं ते आम्हालाच माहीत. जगातले सगळ्यात जाणते पंच तिथं होते. अडलं कुठं, तर कुठला नियम लागू, ते आधी एकमतानं ठरलं नव्हतं.

फुटबॉलवाल्यांनीही या जादा वेळेशी बरेच प्रयोग केले. तिथं नव्वद मिनिटांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि तरी बरोबरी राहिली तर पेनल्टी. मध्ये काही वर्षं त्यांनी 'गोल्डन गोल' आणला होता, जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खल्लास. १९९६ च्या युरो स्पर्धेची अंतिम लढत जर्मनीच्या बिअरहॉफनं तसाच गोल करून संपवली. १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या ब्लाँनं पराग्वेला तसंच घरी पाठवलं. कल्पना अशी होती की संघ त्वेषानं हल्ला करतील. झालं उलटं. एक चूक झाली की सगळं गेलं, या भीतीनं संघ मागे सरून खेळू लागले. २००४ नंतर तो नियम काढून टाकला. पुढे २०१८ च्या विश्वचषकात एक सुधारणा दिसली, तिची चर्चा आपल्याकडे फार झाली नाही. सामना जादा वेळेत गेला तर प्रत्येक संघाला एक बदली खेळाडू जादा मिळू लागला. वेळ वाढवला, तर ताजे पायही वाढवून दिले.

आता एवढ्यावरून काय दिसतं? खेळात जादा वेळ येतो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काही गोष्टी येतात. तो किती, हे आधी ठरलेलं असतं. भार वाटलेला असतो, पाच चढाया पाच जणांनी. कुठं कुठं ताजा माणूस मिळतो. आणि संपल्याची शिट्टी खेळणाऱ्याच्या तोंडात नसते, तिसऱ्याच्या तोंडात असते.

चाकावरच्या माणसाला यातलं काय मिळतं, ते आता बघू.

कागदावर पुष्कळ मिळतं, हे आधी कबूल करायला हवं. मोटार परिवहन कामगारांचा कायदा १९६१ सालचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि सणासुदीला परवानगीनं वाढवता येतात, पण दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न यांच्या पलीकडे नाहीत. सलग पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. दिवसाचं काम मधल्या सुट्ट्या धरून बारा तासांच्या आत बसवायचं. आज गाडीवरून उतरला आणि उद्या चढला, यात निदान सलग नऊ तासांचं अंतर. जादा कामाला दुप्पट मजुरी. आता हा कायदा २०२० च्या कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या नव्या संहितेत सामावला आहे. आठ तास आणि दुप्पट मोबदला ही तत्त्वं तिथंही आहेत.

गोम दुसरीकडे आहे. १९६१ चा कायदा लागू होत होता तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला. आपल्या दोन तालुक्यांतल्या जीप, टेम्पो, मिनीबस आठवून बघा. किती मालकांकडे पाच माणसं आहेत? बहुतेक ठिकाणी मालक एक, गाडी एक, चालक एक, आणि कधीकधी तिन्ही मिळून एकच माणूस. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नं तेच तास पिवळ्या पाटीच्या प्रत्येक गाडीच्या चालकाला लावले, म्हणजे नियम आहे. पण हजेरीपुस्तक नाही, वाहतूक नियंत्रक नाही, आणि पाटी पांढरी असली तर तेवढंही नाही. तिथं शिट्टी चालकाच्या स्वतःच्याच तोंडात आहे.

यात काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. ज्याला दमल्यासारखं वाटेल तो थांबेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण दमलेल्या माणसाची पहिली जाते ती स्वतःचा दम ओळखायची शक्ती. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसं जागी ठेवली आणि हात-डोळ्यांचा मेळ तपासत गेले. तीच तपासणी त्यांनी दारू दिलेल्या अवस्थेतही केली. सतरा तास सलग जागा असलेला माणूस कामगिरीत जिथं पोचतो, तिथं रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला माणूस असतो. आता आपला कायदा बघा. आपल्याकडे तीस मिलिग्रॅमच्या वर सापडलात की गुन्हा. म्हणजे सकाळी सहाला उठलेला माणूस, ज्यानं थेंबही घेतलेला नाही, तो रात्री अकराला चाकावर बसतो तेव्हा कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दारू प्यायलेल्याइतका ढिला झालेला असू शकतो. नाक्यावर पोलीस नळी पुढे करतील, फुंकर स्वच्छ येईल. जागरण मोजणारी नळी अजून नाक्यावर आलेली नाही.

आणि पहाटे दोन ते पाच ही तर शरीराची ओहोटीच. त्या वेळी डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद मिटतो. माणसाला कळतही नाही. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर, कबड्डीची जवळजवळ चार मैदानं लांबीनं लावली तेवढी. कशेडी घाटात, आंबेनळीत किंवा वरंध्यात पन्नास मीटर सरळ रस्ता कुठं कुठं आहे, ते इथं बसलेल्यांना आम्ही काय सांगायचं?

रात्रीची गाडी म्हटलं की महाडकरांच्या मनात २ ऑगस्ट २०१६ येतेच. सावित्रीवरचा जुना पूल गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या. तिथं कुणाच्या झोपेचा संबंध नव्हता. पूर्ण जागा असलेल्या चालकालाही त्या अंधारात संधी नव्हती. आम्ही ते नाव घेतो ते एवढ्यासाठीच की या रस्त्यावर ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्या आधीच भरपूर आहेत. जी हातात आहे तिच्याबद्दल आज बोलतोय.

गणपतीचे दिवस आठवा. मुंबईहून कोकणात 'जादा गाड्या' सुटतात. हा जादा शब्द आपल्याला किती गोड वाटतो! जादा गाडी म्हणजे गावाला जायला मिळणार. पण जादा गाडीला चालकही जादा लागतो, आणि खासगी गाड्यांत तो जादा येत नाही, आहे तोच दुसऱ्यांदा जातो. त्यातही घाट ज्याला येतो त्यालाच मालक पाठवतो. "तू गेलास की आम्हाला झोप लागते बघ," असं त्याला कौतुकानं म्हणतात. कबड्डीत हे चालत नाही, तिथं वाघाला एकच चढाई. इथं वाघानंच पाचही करायच्या.

विमानवाल्यांचं या बाबतीत काय चाललंय तेही थोडं सांगतो, कारण तिथं शिट्टी तिसऱ्याच्या हातात आहे. वैमानिकानं किती तास उडायचं, किती तास झोपायचं, हे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं लिहून ठेवलंय. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी नियम आणखी कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस केली. रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत ताणली आणि त्या वेळात उतरवायची विमानं सहावरून दोनवर आणली. हे टप्प्याटप्प्यानं २०२५ मध्ये लागू झालं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. इंडिगोची एकेका दिवशी शेकडो उड्डाणं रद्द, विमानतळावर माणसं बॅगांवर झोपलेली. मग काही नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. लोक चिडले, आणि चिडणारच. आम्हाला मात्र त्यात एक गोष्ट दिसली. विश्रांतीचा नियम खरोखर पाळायला गेलं की किती माणसं कमी आहेत, ते उघडं पडतं. एरवी ती कमतरता कुणाच्या तरी झोपेतून भागवली जात असते.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायला संकोच वाटतो, पण ती वगळून हे व्याख्यान देता येणार नाही.

आमच्याकडे स्पर्धा रात्री होतात. प्रकाशझोत, हलगी, पाहुण्यांचे सत्कार. सत्कारांना सुवर्ण चढाईचा नियम लावायला हवा, ते वेगळं सांगतो कधीतरी. उपांत्य सामनाच बाराला सुरू होतो. अंतिम सामना संपेपर्यंत दोन, अडीच. मग बक्षीस, फोटो, आणि संघ टेम्पोत बसून गावाला. तो टेम्पो चालवतो कोण? कधी संघातलाच खेळाडू. दिवसभर कामावर असतो, संध्याकाळपासून मैदानावर, रात्री अडीचला चाकावर. आम्ही पंच म्हणून त्याच्या नखांची लांबी तपासायचो. तो कधीचा जागा आहे, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीच भरवलेल्या स्पर्धेतून असा एक संघ परत निघाला. जिंकलेले होते, गात होते. पोलादपूरच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. भातकापणी झालेली, जमीन सपाट, म्हणून निभावलं. एकाचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. चालवणारा आम्हाला दवाखान्यात म्हणाला, "झोप नव्हती हो आली. मी जागाच होतो." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. आम्ही दोन्ही गोष्टींना साक्षी होतो. पाच-पाच चढायांच्या यादीत तिसरं नाव त्याचं होतं, आणि टेम्पोची किल्ली त्याच्या खिशात होती. शिट्टी आमच्या हातात होती, पण सामना संपला की आमचं काम संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर आम्ही दोन-तीन गोष्टी बदलल्या. अंतिम सामना अकराच्या आत सुरू झाला नाही तर दुसऱ्या दिवशी. यावर फार वाद झाले, देणगीदार रुसले, एका वर्षी खरोखर दुसऱ्या दिवशी घ्यावा लागला आणि गर्दी निम्मी झाली. दुसरं, नावनोंदणीच्या कागदावर बारा खेळाडूंच्या खाली एक तेरावी ओळ घातली. गाडी कोण चालवणार, आणि आज किती वाजता उठला. तेराव्या ओळीतलं नाव वरच्या बारांत चालत नाही. तिसरं, शाळेच्या दोन खोल्या आणि सतरंज्या पहाटेपर्यंत उघड्या ठेवतो.

लोक खोटं लिहितात का? लिहितात. उठायची वेळ तर हमखास दुपारची लिहितात. पण विचारलं की माणूस एक क्षण मोजतो. तो क्षणभर मोजतो हेही आम्हाला पुष्कळ वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका संघाच्या तेराव्या ओळीत जे नाव होतं, तोच गडी पाच-पाच चढायांना यादीत निघाला. प्रतिस्पर्धी संघानं हरकत घेतली, नियमानं त्याचं नाव कापलं, आणि त्याच्या जागी त्यांनी एका सतरा वर्षांच्या पोराला पाठवलं. पोरगा रेषेपर्यंतही पोचला नाही. संघ एका गुणानं हरला. त्यांचे कर्णधार आमच्यावर भयंकर संतापले होते, शिव्या दिल्या, कागद फाडला. रात्रीचा दीड वाजलेला. गाडी काढायला निघाले, तर चालवणारा म्हणाला, "दादा, खेळलो असतो तर आत्ता गेलो असतो. पण आता बसून बसून डोळे जड झाले माझे. पडू या का जरा?"

शाळेत झोपले सगळे. सकाळी सातला आम्ही पोहे दिले तेव्हा कर्णधार आमच्याशी बोलत नव्हते, पण पोहे दोनदा घेतले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची तारीख विचारून गेले.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या बाकावरचे काका हात वर करून बसलेत, त्यांचा पहिला. आणि ज्यांना रात्रीची गाडी घेऊन जायचंय त्यांनी खुशाल उठावं, आम्हाला राग येणार नाही.